हाक कोणी द्यायची

शांत ईस्टर नावाचा प्रकार असतो हे मला पप्पांकडून कळलं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ते चर्चमधून आले, हातातला झावळीचा क्रूस मम्मींच्या फोटोमागे खोचला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "औंदा ईस्टर घरच्या घरी. शांततेत. पहाटच्या उपासनेला न्हाई, कबरस्तानात न्हाई. आन् ती हाक बी न्हाई."

ऋषी "बरं" म्हणाला. ऋषी माझा नवरा. बापाला "बरं" म्हणण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मी काहीच बोलले नाही. मी गप्प बसते तेव्हा घरातल्यांनी सावध व्हायचं असतं, पण त्या दिवशी तेवढं लक्ष कोणाचं होतं?

पप्पा म्हणजे माझे सासरे, जगन्नाथ साळवे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. मम्मी म्हणजे सासूबाई, तारा. संक्रांतीच्या तोंडावर त्या गेल्या, साध्या तापाचं निमित्त झालं. पुरून आलो त्या दिवसापासून पप्पा एकदाही कबरीवर गेले नव्हते. कोणी विषय काढला की उठून पंख्याची बटणं तपासायला लागायचे.

हाकेचं सांगते. या घरात ईस्टरच्या पहाटे, उजाडायच्या आत, मम्मी प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन मोठ्यानं म्हणायच्या, "ख्रिस्त उठला आहे!" ज्याला हाक दिली त्यानं पांघरुणातूनच उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" उत्तर आल्याशिवाय चहा नाही. नुसतं हुंकारलेलं चालत नसे. मग अंघोळी आटपून सगळे कबरस्तानात जायचे, आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायचे आणि तिथेच उपासना व्हायची. हाक द्यायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा. मम्मींच्या आधी तो त्यांच्या सासूचा होता.

गेल्या ईस्टरला मम्मींचा घसा बसला होता. तशीच घोगरी हाक देऊन झाल्यावर चहा गाळता गाळता त्या मला म्हणाल्या, "पुढच्या साली तू दे बाई."

"मी कशी देऊ? माझा कुठं बाप्तिस्मा झालाय?"

"हाक द्यायला गळा लागतो," त्या म्हणाल्या आणि कप माझ्यापुढे सरकवला.

आता ते पुढचं साल आलं होतं. मी घनसावंगीच्या रामराव पाटलांची मुलगी. ऋषीशी कोर्टात जाऊन लग्न केलं तेव्हा आमच्या गावाला बोलायला दुसरा विषय नव्हता. बाबा अजून या घराची पायरी चढलेले नाहीत. माय येते, पण चहा पिऊन जाते, जेवत नाही. मम्मींनी मात्र मला कधी "तुमच्यात" आणि "आमच्यात" करून दाखवलं नाही. म्हणून मला ती हाक द्यायची होती. आणि भीती एकच होती. मी हाक दिली आणि पप्पांनी उत्तर दिलंच नाही तर? मम्मींच्या जागेवर उभं राहून दिलेली हाक रिकामी परत आली, तर मग मी या घरात जन्मभर पाहुणीच. आठवडाभर हेच डोक्यात. भाजी करपायची, दूध उतू जायचं, आणि ऋषी विचारायचा, "काय झालंय तुला?" त्याला काय सांगू, कपाळ?

शनिवार हा या सणातला सगळ्यात अवघड दिवस. शुक्रवारी रडायचं असतं, रविवारी आनंद करायचा असतो. शनिवारी काय करायचं ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. मम्मी होत्या तेव्हा कळायचं नाही, कारण त्या सगळ्यांना कामाला जुंपायच्या. या वर्षी सकाळपासून आम्ही तिघं घरात एकमेकांच्या पायांत येत होतो. पप्पांनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग खाट भिंतीकडून खिडकीकडे सरकवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा भिंतीकडे. मग गच्चीवर टाकीत किती पाणी आहे ते बघून आले, आणि खाली येऊन कोणी न विचारता "अर्धी हाय" म्हणाले. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची बेबीनंदा आली. ही चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत असते. "काका, उद्या पहाटं सोबतच जायचं ना? ऑटो सांगून ठेवते," ती म्हणाली.

"आम्ही येत न्हाई," पप्पा म्हणाले आणि पुन्हा गच्चीवर गेले.

बेबीनंदानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्यावरच खेकसले, "माझ्याकडं काय बघती? मी का घरात बसा म्हणले?" बिचारी निघून गेली. माझा राग असाच आहे, ज्याच्यावर यायचा त्याच्यावर सोडून बाकी सगळ्यांवर निघतो.

शांत तर शांत, पण ईस्टर आहे ना, असं म्हणून मी करंज्या करायला घेतल्या. मम्मी ईस्टरला ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या. सारण जमलं, पारी जरा जाड झाली. कढई गॅसवर ठेवली, तेल तापत आलं आणि दारात हाक आली, "गंधे, हाय का गं घरात?"

माय. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, घनसावंगीहून जीपनं अंबड आणि तिथून बसनं जालना. मी पाणी आणायला वळले तोवर ती स्वयंपाकघरात पोचली होती. कढई बघितली आणि तिनं आधी गॅस बंद केला, मग श्वास घेतला.

"माणूस गेलेलं घर हाय," ती म्हणाली. "वरीस तर सोड, चार महिने न्हाई झाले. कढई कशी ठेवली तू?"

आमच्या माहेरी ही रीत आहे. ज्या घरात माणूस गेलं तिथे तळण करत नाहीत. नंतरच्या पहिल्या सणाला सोयरे स्वतः तेल, गूळ, डाळ घेऊन येतात, आपल्या हातानं कढई चढवतात, त्या घरच्यांचं तोंड गोड करतात. मग दुखवटा निघतो. मायच्या एका पिशवीत ते सगळं होतं, वर पप्पांसाठी टॉवेल-टोपी.

"मंग आता तू आलीस ना? ठेव तुझ्या हातानं," मी म्हटलं.

"आज शनवार. शनवारी कुठं कढई चढवत्यात?"

"माय, हे त्यांच्यात नसतं! त्यांच्यात ईस्टरला करंज्या करतेत!"

माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. पप्पा दारात येऊन उभे होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, ठेव गं कढई, ताराच्या करंज्या आहेत. त्यांनी मायला हात जोडले आणि म्हणाले, "बराबर बोलतात विहीणबाई. राहू दे ते तळण."

मला रडू फुटलं. दुःखानं नाही, संतापानं. आठवडाभर मी ज्या ईस्टरसाठी जीव टांगून बसले होते, त्याच्यावर दोन बाजूंनी दोघांनी मिळून झाकण ठेवलं होतं. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली तशाच राहिल्या.

खरं तर माय कढईसाठी आलीच नव्हती. ती कशासाठी आली होती ते मला संध्याकाळी कळलं, आणि त्यात चूक माझीच निघाली.

आमच्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जातात. घरची माणसं जातात, बायकासुद्धा जातात, बरोबर दहीभात नेतात. मम्मींना पुरलं त्या दिवशी मायनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "तिसऱ्याला किती वाजता निघायचं?" मी म्हटलं, यांच्यात तिसरा नसतो. तिला ते पटलंच नाही. माणसाला जमिनीत ठेवायचं आणि मागे वळून बघायचं नाही? ती गावी गेली, पण फोनवर दरवेळी हेच, त्या बाईचा तिसरा राहिला. मग गुरुवारी मी तिला सहज म्हणून गेले की शुक्रवार झाला की तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, हे लोक कबरस्तानात जातात, पण पप्पा या वर्षी नाही म्हणतात. मी प्रभूच्या तिसऱ्या दिवसाचं सांगत होते. मायनं ऐकलं ते असं, की अखेर मम्मींचा तिसरा ठरलाय आणि नवराच जायला तयार नाही.

दिवेलागणीला तिनं ऋषीला विचारलं, "जावईबापू, उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठं?"

"तिसऱ्याला."

ऋषी माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बोटांना चुना लागला होता. दुपारभर तो मित्राकडे म्हणून गेला होता, पण गेला होता कबरस्तानात. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या कबरी झाडून पांढऱ्या करतात. मम्मींची कबर अजून मातीचीच, दगड बसवायचा होता. भोवतीच्या विटांना त्यानं चुना दिला होता आणि बापाला सांगायची हिंमत झाली नव्हती. पप्पांनी ती बोटं बघितली. उठून पंख्याचं बटण तपासलं.

मी मायला बाजूला घेतलं आणि समजावलं. तो तिसरा मम्मींचा नाही, येशूचा. त्याला शुक्रवारी पुरलं, रविवारी पहाटे बायका कबरीवर गेल्या तर कबर रिकामी होती, तो उठला होता. त्याची आठवण म्हणून जातात. मायनं नीट ऐकून घेतलं.

"बाया गेल्त्या?" तिनं विचारलं.

"हो."

"रिकाम्या हातानं?"

"नाही. सुगंधी मसाले घेऊन गेल्या होत्या."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. मी कपाळावर हात मारला आणि अंथरुणं घालायला गेले.

झोप कसली लागते? पहाटे जाग आली तेव्हा अंधार होता आणि स्वयंपाकघरात दिवा होता. मी ठरवलंच होतं. उठायचं, पदर खांद्यावर घ्यायचा, पप्पांच्या खाटेपाशी जायचं आणि हाक द्यायची. होईल ते होईल. तोंडावर पाणी मारलं, मनातल्या मनात तीनदा म्हणून बघितलं. बैठकीच्या दारापाशी आले आणि तिथेच थबकले, कारण माझ्या आधी माय तिथे उभी होती. अंघोळ झालेली, हातात दहीभाताचा डबा.

"व्याहीबुवा, उठा," ती म्हणत होती. "तिसरा हाय. उजाडायच्या आत जावं लागतं."

पप्पा उठलेलेच होते. खाटेवर पाय खाली सोडून बसले होते, कोण जाणे कधीपासून. माझा जीव वर-खाली झाला. इतकं समजावलं होतं! मी पुढे झाले, "माय, मी तुला काल काय सांगितलं? पप्पा, ती चुकून..."

पप्पांनी मला हातानं थांबवलं.

माय थांबली नाही. "तुमची रीत तुमच्यापाशी. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर ती बाई माझ्या लेकीला लेकीवानी वागवून गेली. मी तिच्या हातचं जेवले न्हाई कधी. लई वाईट वाटतंय मला. मी भात केलाय. तुम्ही न्हाई आले तर मी एकली जाते, रस्ता तेवढा सांगा."

पप्पा डब्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "त्या बाया बी पहाटंच निघाल्या होत्या. आन् त्यांना बी कोणी म्हणलं न्हाई की आम्ही सोबत येतो. त्याचे शिष्य, गडी सगळे, दारं लावून बसलेले."

त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. ऋषी जागा होऊन दारात आला, बापाला चपला शोधताना बघून त्यानं गाडीची किल्ली घेतली.

सगळं इतकं भरभर झालं की माझी हाक राहूनच गेली. पप्पा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले होते. स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे मम्मी उभ्या राहायच्या तिकडे, त्यांनी बघितलं. तीच वेळ होती. माझं तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. पप्पा बाहेर पडले. आणि मी स्वतःला शिव्या देत मागून कुलूप लावलं. गळा लागतो म्हणे, आणि ऐन वेळी नेमका तोच गेला.

बेबीनंदाचा ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभाच होता. माय, पप्पा आणि मी त्यात दाटीनं बसलो, ऋषी गाडीवर. मला सारखं वाटत होतं, आत्ता म्हणावं, इथेच म्हणावं. पण ऑटोत कोणी हाक देतं का?

कबरस्तानात आधीच माणसं आली होती. मेणबत्त्या लागत होत्या, पोरं पेंगत होती. उपासना सुरू व्हायला वेळ होता. ऋषी पुढे झाला आणि आम्हाला कबरीपाशी घेऊन गेला. पांढऱ्या विटा अंधारातही दिसत होत्या. पप्पांनी खाली वाकून एका विटेवरून बोट फिरवलं, मग ऋषीच्या पाठीवर हात ठेवला. ऋषी लहान मुलासारखा रडला.

मायनं मातीवरचा पाचोळा वेचला, डबा उघडला आणि थांबली. परक्याच्या देवाच्या जागी आहोत, काही चुकायला नको, असं तिला वाटलं असावं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी पप्पांकडे.

पप्पा गुडघ्यांवर बसले. जुने गुडघे, वेळ लागला. दोन्ही तळवे मातीवर टेकवले आणि रोज पहाटे हाक मारत असावेत इतक्या सहज आवाजात म्हणाले, "तारा, ख्रिस्त उठला आहे."

आणि ते थांबले.

तेव्हा मला कळलं की ते इतके दिवस कशाला भीत होते. माझ्यासारखेच. हाक दिली आणि उत्तर आलं नाही तर? ते तसेच वाकून होते, कान मातीकडे. जन्मभर त्यांनी उत्तर दिलं होतं, हाक पहिल्यांदाच देत होते. ऋषीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पप्पांचे खांदे हलायला लागले.

मला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. मी म्हणाले, "खरोखर उठला आहे."

मोठ्यानं म्हणाले. घोगरं आलं, पण मोठ्यानं आलं. पप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण बघणं ओळखीचं होतं, चहाचा कप हातात घेताना ते मम्मींकडे बघायचे तसं. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी धरला आणि त्यांना उठवलं.

"काय म्हणले गं?" मायनं हळूच विचारलं.

"सांगते नंतर."

"मंग भात ठेवू का आता?"

पप्पांनी डोळे पुसले. "ठेवा, विहीणबाई," ते म्हणाले. "आन् उपासना झाली की घरी चला. आज शनवार न्हाई. पोरीनं करंज्या भरून ठेवल्यात, कढई तुम्ही चढवा. आन् जेवूनच जा."

मायनं मान हलवली आणि डबा मातीवर ठेवला.